बोलावणे येणार की परीक्षा होणार?

‘नुसत्या काळजीने माणूस आजारी पडतो का हो डॉक्टर?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. पडतो. मे २०२५ मध्ये आपल्या कोल्हापुरातच त्याचे चांगले उदाहरण पाहायला मिळाले.

आपल्या शहरात प्रादेशिक सेनेची, म्हणजे टेरिटोरियल आर्मीची, १०९ वी बटालियन आहे. ती मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली आहे. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या सेनेतला माणूस एरवी आपला नोकरीधंदा करतो, ठरावीक काळ प्रशिक्षण घेतो आणि देशाला गरज पडली की गणवेश चढवतो. जवानाला दहावी उत्तीर्ण असणे पुरते. साहजिकच नोकरी सांभाळून, मुक्त विद्यापीठाचा अभ्यास करून पदवी पुरी करू पाहणारी मुलेही त्यात असतात.

६ मे २०२५ च्या आदेशाने केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना या सेनेतील अधिकारी व जवानांना बोलावण्याचा अधिकार दिला. ३२ पैकी १४ इन्फंट्री बटालियन सेवेत घेण्याची त्यात तरतूद होती. १० मे रोजी सीमेवरचा गोळीबार थांबला, पण आदेशाची मुदत ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत ठेवलेली होती. परीक्षेच्या हंगामात ही बातमी आली. मंगळवार पेठेतील माझ्या दवाखान्यात त्या दिवसांत आलेला एक तरुण म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, बोलावलं तर जातोय, न्हाई बोलावलं तर पेपर देतोय. पर ह्ये मधलं लटकणं सोसंना.’ छातीत धडधड, पोटात गोळा, रात्री डोळ्याला डोळा नाही. हृदयाचा आलेख मात्र अगदी ठीक होता.

मग हे होते कसे? संकट समोर दिसले की शरीर अ‍ॅड्रिनलीन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडते. नाडी जलद होते, स्नायू ताठतात, पचन मंदावते. संकट टळले की सारे पूर्ववत होते. पण संकट येतही नाही आणि जातही नाही, तेव्हा हे यंत्र आठवडेच्या आठवडे चालू राहते. त्यातून अ‍ॅसिडिटी, डोकेदुखी, चिडचिड आणि विसरभोळेपणा उद्भवतो. हा भित्रेपणा नव्हे. शूर माणसाचे शरीरही असेच वागते.

अशा वेळी तरुण मुले तीन गोष्टी हमखास करतात आणि त्याच घातक ठरतात.

पहिली, झोप मोडणे. दिवसा काम, संध्याकाळी धावणे आणि रात्रभर चहावर अभ्यास. वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेत. सात तास झोपून तीन तास वाचलेले जास्त लक्षात राहते. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनंतरही शरीरात उरतो. म्हणून संध्याकाळी पाचनंतर चहा नको.

दुसरी, एकदम व्यायाम वाढवणे. आपल्या तालमीतला वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी पाचशे जोर मारायला लावत नाही. धावण्याचेही तसेच आहे. आठवड्याला साधारण एक-दशांशापेक्षा जास्त अंतर वाढवू नये. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट दाबल्यावर दुखत असेल आणि धावताना ते वाढत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. पहिले दोन-तीन आठवडे तो साध्या एक्स-रेत दिसेलच असे नाही. धावणे थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

तिसरी, दुखणे लपवणे. वेदनाशामक गोळी घेऊन, उपाशीपोटी, उन्हात धावले तर जठराला जखम होऊ शकते आणि मूत्रपिंडावर ताण येतो. दमा, फिट्स, रक्तदाब यांची औषधे चालू असतील तर ती स्वतःहून बंद करू नका आणि वैद्यकीय तपासणीत लपवू नका. लपवलेला आजार ऐन कामगिरीवर उफाळला, तर सोबत्यांचाही जीव धोक्यात येतो.

मग करावे काय? जे आपल्या हाती आहे ते आधी उरकावे. बोलावणे आले तर परीक्षेचे काय, हे महाविद्यालयात किंवा अभ्यासकेंद्रात आजच विचारून ठेवा. अर्ज आणि प्रमाणपत्रांच्या प्रती एका पिशवीत घालून घरच्यांना दाखवा. प्रादेशिक सेना कायद्याच्या ७-अ कलमात सेवेवरून परतल्यावर नोकरीवर पुन्हा घेण्याची तरतूद आहे. मात्र ती नोकरीपुरती आहे. परीक्षेचे तुम्हालाच बोलून ठेवावे लागेल. वर सांगितलेल्या तरुणाने एवढे केले आणि पंधरवड्यात त्याला झोप लागू लागली. गोळी द्यावी लागली नाही.

बातम्या दिवसातून दोनदाच पाहा. घरच्यांनीही ‘काय ठरलं?’ असे दर तासाला विचारू नये, वेळेवर जेवायला वाढावे. दोन आठवड्यांहून अधिक झोप उडाली, मन कशात लागेना किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर थांबू नका. सीपीआर रुग्णालयातील मानसोपचार विभागात जा किंवा १४४१६ या मोफत टेलि-मानस क्रमांकावर बोला. तिथे मराठीतही बोलता येते.

हुकूम कधी येईल हे आपल्या हातात नाही. तो येईल त्या दिवशी आपण धडधाकट असावे, एवढे मात्र नक्कीच आहे.