पाहुण्यांचे वाय-फाय

नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामतीवरून पुढे इंदापूरकडे जाते. वरच्या अंगाला कोणी रात्री चोरून दार उचलले, की शेपटाकडचा ऊस वाळतो. म्हणूनच पाळी आली, पाणीअर्ज आला, दारावर पाटकरी आला. हे इंदापूरच्या माणसाला आम्ही सांगावे असे नाही. आज ज्या यंत्राविषयी बोलायचे आहे, त्याचे काम या पाटकऱ्यासारखेच आहे. फरक एवढाच, की पाटकऱ्याला आपण तोंडाने ओळखतो.

आमचे शाळेचे शिक्षण थोडके. ही विद्या आम्ही गरजेपोटी शिकलो. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक, ई-श्रम कार्ड, विम्याचे कागद, सारे आता फोनमध्ये आले. सुट्टीच्या दिवशी कामगार युनियनच्या कचेरीत बसून ही कामे उरकतात, आणि ज्याचा डेटा संपलेला असतो त्याचेच काम नेमके निकडीचे असते. म्हणून आम्ही एक राउटर बसवला आणि पासवर्ड खडूने फळ्यावर लिहून टाकला. पंधरा दिवसांत तो खालच्या चहावाल्याच्या गिऱ्हाइकांनाही पाठ झाला! एक पोरगा कठड्यावर बसून सिनेमे उतरवून घेई, आणि आत पासबुकाचे पान उघडेना. त्याहून वाईट म्हणजे वर्गणीच्या हिशेबाचा संगणक त्याच जाळ्यावर होता. ओसरीवरच्या पाहुण्याला आम्ही तिजोरीच्या खोलीत नेऊन बसवले होते.

यावर उपाय म्हणून कंट्रोलर आणला. छताला लावलेली जी चपटी पेटी फोनशी बोलते, ती ॲक्सेस पॉइंट. अशा दोन पेट्या बारामतीस आणि एक इंदापूरच्या खोलीत आहे. तिघींना हुकूम देणारा कंट्रोलर मात्र एकच, बारामतीच्या कपाटात. तो एकाच तारेवर दोन जाळी वेगळी चालवतो : एक कचेरीचे, एक पाहुण्यांचे. पाहुण्याला इंटरनेट मिळते, पण हिशेबाचा संगणक दिसत नाही, आणि शेजारच्या पाहुण्याचा फोनही दिसत नाही. प्रत्येकाला ठरावीक वेगाची मर्यादा असते, म्हणजे एकाच्या सिनेमाने दहा जणांची पाळी बुडत नाही. तास भरला की दार आपोआप बंद होते. पाहुणा जोडला गेला की आधी एक पान पुढे येते; त्यावर मोबाईल क्रमांक टाकावा, आलेला ओटीपी भरावा, मग वाट मोकळी. इंदापूर-बारामतीची लाइन तुटली, तर आमच्याकडे नव्या पाहुण्याला हे पानच मिळत नाही. पाटकरी गावाला गेला की दार कोण उचलणार?

हे पान म्हणजे कुलूप, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. पान येणाऱ्याची ओळख विचारते. हवेतून जाणारा मजकूर ते झाकत नाही. ज्या जाळ्याला जोडताना पासवर्ड लागत नाही, ते बहुधा उघडेच असते. तेथे बँकेच्या संकेतस्थळाचे स्वतःचे कुलूप आहे, तेवढाच आधार.

मग ओळख विचारायची तरी कशाला? जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी थोडा वेळ वृत्तवाहिन्यांना आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचे तपासात निघाले. पोलीस अर्थातच त्या घरी गेले. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने सेवा देणाऱ्या कंपन्यांना आदेश काढला, की सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख ओळखपत्राने किंवा मोबाईलवरच्या संदेशाने पटवावी. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गूगल यांचे फुकट वाय-फाय सुरू झाले, तेथेही फोन नंबर देऊनच आत जावे लागे. डिसेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्याखाली आमचा चहावालाही परवान्यावाचून वाय-फाय विकू शकतो. गिऱ्हाइकाची नोंदणी ॲपवाला आणि वरची संस्था पाहते.

ओळख विचारणे आम्हांस मान्य आहे. आमचा प्रश्न पुढचा आहे : नोंदवही कोणाच्या हाती? कोणता नंबर किती वाजता आला, किती वेळ बसला, कोणत्या पेटीजवळ बसला, किती डेटा ओढला, आणि पुष्कळदा कोणकोणत्या संकेतस्थळांची नावे मागितली, हे सारे कंट्रोलर लिहू शकतो. मजकूर त्याला सहसा वाचता येत नाही, पण एवढ्यावरूनही माणूस पुरता कळतो. एका कारखान्यात (नाव घेत नाही) पगारवाढीच्या बोलणीत साहेबांनी एका कामगारापुढे कागद ठेवला : जेवणाच्या सुट्टीनंतर तू पाहुण्यांच्या वाय-फायवर इतकी मिनिटे होतास. तो गडी लेकीच्या प्रवेशाचा अर्ज भरत होता. कागदावर ते नव्हते. मिनिटे तेवढी होती.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरावी, हा त्याचा गाभा. कारखान्याला हे ऐकवण्याआधी आम्ही आमच्याच कपाटाकडे पाहिले. तेथे तर सहा महिन्यांच्या नोंदी साठल्या होत्या, आणि पासवर्ड चौघांना ठाऊक होता.

कार्यकारिणीत ठराव आणला. संकेतस्थळांची नावे लिहिणे बंद करावे. नंबर आणि वेळ यांची नोंद किती दिवस राहील, हे ओटीपीच्या पानावर मराठीत आणि हिंदीत लिहावे. वही उघडायची तर चिटणीस आणि खजिनदार दोघांनी मिळून, तीही पोलिसांचा लेखी कागद आल्यावर. ठराव होण्यापूर्वी एका जुन्या सभासदाने विचारले, संपाच्या दिवसांत कोणकोण कचेरीत आले होते, एवढे तरी त्यातून काढता येईल ना? येत होते. आम्ही नाही म्हटले. त्या रात्री दोन तास वाद झाला, ठराव दोन मतांनी निभावला, आणि ते गृहस्थ अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.