वीस अक्षरांचा पत्ता

वर्गात नुसती 'पाटील' अशी हाक मारली, तर चार मुले उभी राहतात. 'सुनील पाटील' म्हटले, तरी कधी कधी मागच्या बाकावरचा सुशील उठतो. जनुक-संपादनात हीच अडचण येते.

क्रिस्पर तंत्रात कॅस-९ हे विकर डीएनए कापते. कुठे कापायचे, हे त्याला मार्गदर्शक आरएनए सांगतो. त्यातील वीस अक्षरे डीएनएवर जेथे जुळतात, तेथे काप बसतो. अट एकच: त्या वीस अक्षरांपुढे कोणतेही एक अक्षर आणि मग 'जीजी' ही जोडी हवी.

मानवी जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. चार अक्षरांपासून वीस अक्षरी शब्द मात्र सुमारे १ लाख १० हजार कोटी बनतात. म्हणजे तोच शब्द योगायोगाने पुन्हा येणे अवघड. मग काळजी कसली? कॅस-९ दोन-तीन अक्षरांची चूक कधी कधी खपवून घेते. तीनपर्यंत चुका चालतात असे धरले, तर मूळ शब्दासह ३२,५५१ शब्द चालतील. अक्षरे यदृच्छेने पसरली आहेत असे मानून दोन्ही धाग्यांचा हिशेब केला, तर 'जीजी'ची अट पाळूनही अशी दहा-अकरा ठिकाणे निघतात.

ती हाताने शोधणे अशक्य. म्हणून 'चॉपचॉप', 'क्रिस्पॉर' यांसारख्या आज्ञावल्या वापरतात. जनुकाचा मजकूर दिला, की त्या प्रत्येक 'जीजी' शोधतात, तिच्या आधीची वीस अक्षरे साऱ्या जनुकसंचाशी ताडतात आणि गुणानुक्रमे यादी देतात. 'जीजी'जवळची चूक काप अधिक अडवते, दूरची कमी. गुण देताना हेही पाहतात.

मात्र हे ताडणे बहुधा एकाच प्रमाण जनुकसंचाशी होते. माणसे तर वेगवेगळी! सिकलसेलवरील पहिल्या क्रिस्पर उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यातील मार्गदर्शक 'क्रिस्परमी' या आज्ञावलीने तपासला, तेव्हा प्रमाण संचात न दिसणारी एक जागा सापडली. हे काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत एकाच अक्षराच्या बदलाने तेथे 'जीजी' तयार होते. अशा पेशींत तेथे काप पडल्याचे प्रयोगशाळेत दिसले. ती जागा प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागात होती. पण सिकलसेल याच वंशात अधिक आढळतो, हे विसरून चालणार नाही.

विदर्भातील व नंदुरबारकडील आदिवासींतही हा आजार आहे. उपचार येथे आला, तर यादी कोणाच्या जनुकसंचावरून केली, हे आधी विचारावे लागेल.

वर्गात करून पाहा. फळ्यावर ए, टी, जी, सी यांची साठ अक्षरी ओळ लिहा. मुलांना 'जीजी' शोधू द्या. तिच्या आधीचे एक अक्षर सोडून त्यामागची वीस अक्षरे लिहू द्या. मग ओळीतील एकच अक्षर बदलून नवी 'जीजी' तयार करा आणि यादी पुन्हा करायला सांगा. हाक मारण्यापूर्वी हजेरीपट पुरा का हवा, हे मुलांना आपोआप कळेल.