निर्णय अंतिम राहील

भजन स्पर्धेचं हँडबिल हातात पडलं की मी बक्षिसांचे आकडे सोडून थेट तळाची ओळ वाचतो: ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.’ भिवपुरी, नेरळ, कर्जत, चौक, खालापूर. गणपती असो, नवरात्र असो की हरिनाम सप्ताहाची सांगता, ही ओळ छापल्याशिवाय आमच्याकडे स्पर्धा होत नाही. आणि ती खरी ठरलेली मी आजवर पाहिलेली नाही. निकाल जाहीर झाला की वाद मंडपातून निघतो, वडापावच्या गाडीवर थांबतो आणि सकाळच्या लोकलमध्ये चढतो. या लोकलमध्ये डब्यातलं भजनी मंडळ टाळ घेऊनच बसलेलं असतं, त्यामुळे कुर्ल्यापर्यंत निकालाची फेरसुनावणी सुरांसकट होते.

मला कोण जिंकलं यात फारसा रस नसतो. मी बघत असतो ते रंगमंचासमोरचं टेबल. पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या, पेपरवेट म्हणून ठेवलेला नारळ आणि त्यामागे बसलेली दोन-तीन माणसं. एक गायक, एक पखवाजवाला, कधी जोडीला संगीतशिक्षक किंवा कीर्तनकार. कल्याण-डोंबिवलीहून, पनवेलहून, अलिबागकडून आलेले. पोट संगीतावरच: शिकवण्या, साथसंगत, एखादं रेकॉर्डिंग. शाल, श्रीफळ आणि पाकीट घेऊन रात्रीच्या गाडीने परतायचं. गोव्यात हेच काम कला अकादमीच्या छताखाली होतं. मनोहरबुवा शिरगावकरांच्या स्मृतीतली तिथली भजनी स्पर्धा पुरुष, महिला आणि बालगट अशा विभागांत होते आणि तिचा मान मोठा आहे. आमच्याकडे छत ताडपत्रीचं. पण टेबलामागच्या माणसाची अडचण दोन्हीकडे सारखीच. जे मोजता येत नाही त्याला आकडा द्यायचा, आणि तोही पुढचं मंडळ टाळ सरसावून बसायच्या आत.

अशा एका जुन्या स्पर्धेचे गुणतक्ते मला एका बुवांच्या अभंगांच्या वहीत घडी घालून ठेवलेले सापडले. कार्बन कॉपी, शाई पसरलेली. रकाने असे: सूर २५, ताल २५, चाल आणि सादरीकरण २०, शब्दोच्चार १५, कोरस १०, शिस्त ५. एका मंडळापुढे गायक परीक्षकाने सुराचे २१ लिहिले, ते खोडून १९ केले आणि समासात बारीक अक्षरात कारण दिलं: ‘पेटी काळी चार, बुवा पोचत नाहीत.’ त्याच मंडळाला पखवाजवाल्या परीक्षकाने सुरात २४ दिले आहेत. तालात मात्र हात आखडता: ‘टाळ पुढे पळतात. गौळणीत सम चुकली, सावरली.’ चुकली त्याचे गुण गेले की सावरली त्याचे मिळाले, हे आकड्यावरून कळत नाही. शिस्तीत मात्र दोघांचेही पाचपैकी पाच. सगळ्यांचे झब्बे एका रंगाचे असणार. दोन जाणकार, एकच रूपाचा अभंग, एकच रात्र आणि सुरात पाच गुणांचं अंतर. पहिला आणि तिसरा क्रमांक यांच्यात एवढंच अंतर होतं.

या रकान्यांचा माग काढत गेलं की वाट मागे विष्णु दिगंबर पलुसकरांपर्यंत जाते. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं वर्ग, अभ्यासक्रम, प्रमाणपत्र यांच्या चाकोरीत आणलं. १९३१ मध्ये ते गेले, त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी आज तालुक्याच्या गावातल्या मुलीलाही पाठ आहे. परीक्षा आल्या तसा परीक्षक आला. दरबारात दाद देणारा राजा किंवा सरदार असे, बैठकीत रसिक असत. आता गाणारा गाणाऱ्याला पासनापास ठरवू लागला. तिकडे संगीतशास्त्राचे अभ्यासक भातखंडे शेकडो बंदिशी गोळा करून राग दहा थाटांत लावत होते. पलुसकर आणि भातखंडे यांचं आपसात पटलं नाही हे सर्वश्रुत आहे, पण गाण्याची शास्त्रशुद्ध चाचणी घेता येते यावर दोघांचंही एकमत होतं. त्या एकमताची खरी कसोटी लागली १९५२ मध्ये, आणि तिचा भार पडला एका अत्यंत सज्जन माणसावर.

श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे नाव आज गाण्याच्या विद्यार्थ्यांबाहेर फारसं कुणी घेत नाही. मुंबईचा मुलगा, भातखंड्यांचा शिष्य. गुरूंनीच त्याला पुढे बडोद्याला फैयाजखाँसाहेबांकडे गंडा बांधायला लावला. म्हणजे एका कानात पोथी आणि दुसऱ्या कानात आग्रा घराण्याची नोमतोम. पुढे लखनौच्या मॅरिस कॉलेजचे ते अनेक वर्षं प्राचार्य होते. चिदानंद नगरकर, के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर, व्ही. जी. जोग अशी शिष्यांची यादी. संगीतकार रोशनही तिथलेच. ‘सुजान’ या नावाने त्यांनी बंदिशी बांधल्या, सालगवराळीसारखे राग रचले. शिष्यमंडळी त्यांना अण्णासाहेब म्हणत.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पॅरिसला शिकून आलेले, स्वतः गाणं शिकलेले, आणि गाण्याविषयी ठाम मतं असलेले मराठी गृहस्थ. सिनेमाची गाणी त्यांनी आकाशवाणीवर जवळजवळ बंद पाडली, तेव्हा श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती काढून सरकारला त्यांना परत बोलवावं लागलं. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम मात्र १९५२ मध्ये केसकरांच्याच काळात सुरू झाला, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. त्यांची दुसरी मोठी मोहीम कलावंतांच्या चाचणीची. रेडिओवर वर्षानुवर्षं गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनीही नव्याने समितीपुढे बसायचं, आणि समितीच्या प्रमुखपदी रातंजनकर.

पुढे काय झालं असेल याची कल्पना भजन स्पर्धा पाहिलेल्या कुणालाही करता येईल. ज्यांची उभी हयात मैफलीत गेली त्यांनी परीक्षेला बसायचं. आणि परीक्षा नुसत्या गाण्याची नव्हे, रागाच्या शास्त्राचे प्रश्नही विचारले जाणार. वादी-संवादी कोणता, थाट कोणता. घराण्यात तोंडी शिकलेल्या उस्तादाला थाटाचं नाव माहीत असायचं कारण नव्हतं. तो राग त्याच्या गळ्यात होता, कागदावर नव्हता. कलावंतांमध्ये संतापाची लाट उसळली. मुंबईत उघड विरोध झाला. आणि त्या रोषाचा मोठा वाटा मंत्र्यांपेक्षा रातंजनकरांच्या वाट्याला आला, कारण मंत्री दिल्लीत होते आणि टेबलामागे अण्णासाहेब होते.

यात माझी बाजू स्पष्ट आहे: प्रश्न विचारणं चुकीचं होतं. केसकरांच्या मनात घराण्यांविषयी, विशेषतः मुसलमान उस्तादांविषयी, आकस होता आणि संगीत विद्यालयांत शिकलेल्यांकडे झुकतं माप होतं, हे त्यांच्या धोरणातून लपत नाही. शास्त्राचा प्रश्न हा त्या झुकत्या मापाचाच काटा होता. पण रातंजनकरांना त्याच पारड्यात टाकणं मला जमत नाही. ज्या माणसाने स्वतः फैयाजखाँसाहेबांपुढे बसून विद्या घेतली, त्याला पोथीबाहेरचं गाणं ओळखता येत नव्हतं असं कोण म्हणेल? खाँसाहेब १९५० मध्येच गेले होते. ते असते आणि समितीपुढे आले असते तर शिष्याने उस्तादाला थाट विचारला असता का, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळतो आहे. माझा अंदाज, नसता विचारला. आणि जो नियम उस्तादासाठी वाकवावा लागतो, तो इतरांसाठीही वाकवायला हवा होता.

पुढे या पद्धतीला हळूहळू शिस्त आली. स्थानिक समिती, मग ध्वनिमुद्रण, मग दिल्लीच्या मंडळापुढे कलावंताचं नाव न सांगता ते ऐकवणं, आणि शेवटी श्रेणी: बी, बी हाय, ए, टॉप. गंमत बघा, आज आमच्या हँडबिलावर परीक्षकाच्या नावाखाली अभिमानाने काय छापतात? ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त कलाकार.’ ज्या चाचणीविरुद्ध एका पिढीने मुठी आवळल्या, तिचा शिक्का हीच पुढच्या पिढीची परीक्षक होण्याची पात्रता ठरली. यातही एक मासला आहे. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमला बंदी घातली होती आणि ती १९७१ च्या सुमारास सैल झाली. म्हणजे तीन दशकं आमचा भजनीबुवा ज्या पेटीवर जगला ती पेटी सरकारी कानाला बेसूर होती. परीक्षक नुसता गायक निवडत नाही. काय ऐकण्यालायक आहे तेही तोच ठरवून टाकतो.

नाव लपवलं, पडदा धरला की न्याय होतो अशी आपली समजूत. तिला आधारही आहे. चिया-जुंग त्साय या पियानो शिकलेल्या संशोधिकेने २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या स्पर्धांतले अंतिम फेरीचे तुकडे लोकांना दाखवले: काहींना फक्त आवाज, काहींना आवाज बंद करून फक्त चित्र. खरा विजेता अधिक अचूक ओळखला तो चित्र पाहणाऱ्यांनी, आणि त्यात व्यावसायिक संगीतकारही होते. एका रंगाच्या झब्ब्यांना पाचपैकी पाच मिळाले ते उगाच नव्हेत. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेच्या निकालांचा हिशेब १९९६ मध्ये दोन अभ्यासकांनी मांडला, तेव्हा दिसलं की चिठ्ठीने ठरलेला क्रमही निकालावर परिणाम करतो. अंतिम फेरीत पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांचे हाल. आमच्याकडे पहिली चिठ्ठी निघालेल्या मंडळाचा बुवा कपाळाला हात लावतो, त्याला हे ब्रुसेल्सहून कळवायची गरज नव्हती.

पण पडदा उमेदवाराचा चेहरा झाकतो तसा परीक्षकाचाही झाकतो. कुणी किती दिले, का दिले, कुणालाच कळत नाही. १९८० मध्ये वॉर्साच्या शोपँ पियानो स्पर्धेत इवो पोगोरेलिच अंतिम फेरीआधीच बाद झाला, तेव्हा परीक्षक मार्था आर्गेरिच त्याला प्रतिभावंत म्हणाली आणि परीक्षक मंडळाचा राजीनामा देऊन निघून गेली. ती बरोबर होती की चूक, यावर पियानोवाले आजही भांडतात. मला मोलाचं वाटतं ते एवढंच की तिने आपल्या मताची किंमत मोजली आणि ती सगळ्यांसमोर मोजली.

अशी किंमत मोजण्याचा माझा सगळ्यात लाडका दाखला मात्र मुंबईचा आहे. १९५७ ची मेट्रो-मर्फी गायन स्पर्धा. परीक्षक पाच संगीतकार: नौशाद, अनिल विश्वास, मदनमोहन आणि आपले दोघे, पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि सिंधुदुर्गातल्या सोनवड्याचे वसंत देसाई. एका टेबलामागे एवढी मातब्बर माणसं पुन्हा क्वचितच बसली असतील. आणि अट अशी की जो जिंकेल त्याला या संगीतकारांनी आपल्या चित्रपटात गाणं द्यायचं. जिंकला महेंद्र कपूर. नौशादांनी त्याला ‘सोहनी महिवाल’मध्ये गायला लावलं, सी. रामचंद्रांनी ‘नवरंग’मध्ये. विचार करा, गुण देताना या पाच जणांच्या डोक्यात काय चाललं असेल? सुराला किती आणि शब्दोच्चाराला किती, हे नव्हे. हा उद्या माझ्या स्टुडिओत उभा राहणार, वादक थांबून राहणार, निर्माता घड्याळ बघणार. तेव्हा हा तरेल का? निकाल चुकला तर नुकसान परीक्षकाचं. शंभर रकाने आखून जे साधत नाही ते या एका अटीने साधलं.

याचं उलट टोक आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. २००९ च्या ‘लिटल चॅम्प्स’च्या वेळी आमचा रायगड जिल्हा अलिबागच्या मुग्धा वैशंपायनसाठी मोबाइल हातात घेऊन बसला होता. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत आकड्यांऐवजी स्वरांत गुण देत. ‘नि’ मिळाला की घरोघरी टाळ्या, ‘वरचा सा’ मिळाला तर विचारूच नका. दोघे भरभरून बोलत, दाद देत. पण शेवटचा कौल एसएमएसचा होता. कार्तिकी गायकवाड जिंकली, उत्तम गाणारी मुलगी. आणि तरीही घराघरांत वाद झालाच. परीक्षकाला त्याची झळ लागायचं कारण नव्हतं, कारण निकाल त्याचा नव्हताच. परीक्षक तेव्हापासून सोफ्यावरचा पाहुणा झाला तो झालाच.

म्हणून ताडपत्रीखालचा आमचा परीक्षक मला या सगळ्यांत उजवा वाटतो. त्याला पडदा नाही, एसएमएसची आड नाही. निकाल सांगून झाल्यावर त्याला त्याच गर्दीतून चपला शोधत बाहेर पडायचं असतं, आणि फलाटावर त्याच्या शेजारी हरलेलं मंडळ पखवाज खांद्यावर घेऊन उभं असतं. तिथे ‘बुवा, आमचं काय चुकलं?’ या प्रश्नाला गाडी येईपर्यंत उत्तर द्यावंच लागतं. मी ऐकलेली संगीताची सर्वांत चांगली समीक्षा अशा फलाटांवर ऐकली आहे: चाल नाट्यगीताची उचललीत पण ठेका भजनीच ठेवलात, तिथे दोन्ही गेले, पेटी अर्ध्या स्वराने खाली घ्या, गळा मोकळा होईल.

हे बोलणं फलाटावर नको, मंडपात हवं. मंडळांना माझी सूचना साधी आहे. हँडबिलावरची ती तळाची ओळ काढून टाका. परीक्षकांच्या नावासह गुणतक्ते फळ्यावर लावा, समासातल्या शेऱ्यांसकट. आणि स्पर्धा सुरू होण्याआधी परीक्षकांनी स्वतः एक अभंग सादर करावा, काळी चारमध्ये नको, त्यांना झेपेल त्या पट्टीत. पखवाजवाल्याने साथ करावी. गाव ऐकेल, मनातल्या मनात गुण देईल. त्यात जो पास झाला त्याच्या निकालावर लोकलमध्ये वाद होईल तो होईलच, पण कुर्ल्यापर्यंत न जाता बदलापूरला मिटेल.