पाण्याखालचा अर्धा दिवस

कॅरिबियन समुद्राचा नकाशा उघडला की क्यूबा आणि जमैका लगेच सापडतात. सेंट क्रॉय मात्र शोधावे लागते. पोर्टो रिकोच्या आग्नेयेला असलेले हे बेट जेमतेम ४५ किलोमीटर लांब आहे. १७३३ साली डेन्मार्कने ते फ्रान्सकडून विकत घेतले, तेथे उसाचे मळे केले आणि त्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबवले. १९१७ साली हे बेट व त्याच्या शेजारची सेंट थॉमस आणि सेंट जॉन ही बेटे अमेरिकेने अडीच कोटी डॉलर मोजून डेन्मार्ककडून घेतली. आज येथील माणसे अमेरिकेचे नागरिक आहेत, पण अध्यक्षाच्या निवडणुकीत त्यांना मत नाही. गाड्या मात्र आपल्यासारख्याच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक नसेल. गुलामगिरी १८४८ साली संपल्यावर मळेवाल्यांना मजूर कमी पडू लागले, तेव्हा १८६३ साली ‘मार्स’ नावाच्या जहाजाने कलकत्त्याहून तीनशेवर हिंदी मजूर या बेटावर उतरले होते. त्यांपैकी बहुतेक जण पाच वर्षांची मुदत भरताच मायदेशी परतले. त्यामुळे त्रिनिदादमध्ये दिसतो तसा हिंदी समाज येथे रुजला नाही.

माझी मावसबहीण आणि तिचे यजमान नोकरीनिमित्त या बेटावर राहतात. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे जाण्याचा योग आला, आणि पहिल्याच रविवारी ताईने फर्मान काढले, “उद्या बक बेटाची सहल. अर्ध्या दिवसाची. नाही म्हणायचं नाही.” मी पोहायला शिकलो तो पाठीला पत्र्याचा डबा बांधून, गावच्या विहिरीत. समुद्रात पोहण्याची कल्पना मला फारशी मानवत नव्हती. पण स्नॉर्कलिंगला पोहणे असे फारसे यावेच लागत नाही. पाण्यावर पालथे पडायचे आणि खाली बघत राहायचे. यात कठीण काय असेल तर ते गप्प पडून राहणे!

सहलीचा बेत सोपा असतो. सकाळी साडेनऊच्या सुमारास ख्रिश्चनस्टेड गावच्या धक्क्यावरून होडी सुटते आणि दुपारी दीडपर्यंत परत येते. डॅनिश राजवटीतला पिवळा किल्ला मागे पडला की उजव्या हाताला सेंट क्रॉयचा डोंगराळ किनारा सोबत चालत राहतो. आमची होडी दोन तळांची, शिडाची होती आणि आम्ही वीसेक प्रवासी होतो. या भागात वारा बहुतेक पूर्वेकडूनच वाहतो आणि बक बेटही पूर्वेलाच आहे. म्हणून जाताना वाऱ्याशी झगडा असतो, अंगावर पाणी उडते, एखाददुसऱ्याला मळमळते. येताना तोच वारा पाठीशी असतो आणि होडी पाण्यावरून घसरल्यासारखी येते.

वाटेत तांडेलाने साधने वाटली. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. तो साठीचा, बेटावरच जन्मलेला आणि मोजके बोलणारा गृहस्थ होता. नाक व डोळे झाकणारा काचेचा मास्क, तोंडात धरायची नळी, पायात चढवायचे रबरी पंखे आणि अंगात लाइफ जॅकेट एवढाच सगळा सरंजाम. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची आणि पाण्यात विसळायची. एरवी सभ्य दिसणारे वीस स्त्री-पुरुष एका ओळीत बसून आपापल्या काचेवर थुंकत आहेत, हे दृश्य अविस्मरणीय होते.

या साधनांमागचे शास्त्र मात्र समजून घेण्याजोगे आहे. सिनेमातला नायक शत्रूला चुकवण्यासाठी नदीच्या तळाशी बसतो आणि लांब वेताच्या नळीतून तासन्‌तास श्वास घेतो. हे अशक्य आहे. पाण्याखाली एक मीटर गेले की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० ग्रॅम जादा भार पडतो. छातीच्या एकूण क्षेत्रफळाने तो गुणला तर क्विंटलभर ओझे छातीवर येते, आणि एवढे ओझे उचलून छाती फुगवणे स्नायूंना झेपत नाही. शिवाय लांब नळीत आपण सोडलेलीच शिळी हवा साठून राहते आणि पुन्हा तीच आत येते. म्हणून स्नॉर्कलची नळी जेमतेम हातभर असते. मास्क लागतो तो आपल्या डोळ्याची रचना हवेतून पाहण्यासाठी झालेली आहे म्हणून. पाणी थेट डोळ्याला लागले की सारे धूसर होते. मध्ये हवेचा पातळ थर ठेवला की स्वच्छ दिसते. मात्र पाण्यातून काच आणि काचेतून हवा असा प्रवास करताना प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे प्रत्येक वस्तू सुमारे तृतीयांशाने मोठी आणि अधिक जवळ भासते. पहिल्यांदा पाण्यात उतरलेला माणूस परतल्यावर हमखास ‘एवढा मोठा मासा’ म्हणून हात पसरतो. त्यात थापेचा भाग थोडा, काचेचा बराच. चष्मा लावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: मास्क वस्तू मोठी करतो, डोळ्याचा नंबर घालवत नाही. नंबराचे मास्क मिळतात, ते आधी मागून घ्यावेत.

बक बेट सेंट क्रॉयच्या ईशान्य किनाऱ्यापासून सुमारे अडीच किलोमीटर अंतरावर आहे. तेथे वस्ती नाही, हॉटेल नाही. १९६१ साली अध्यक्ष केनेडी यांनी हे बेट व भोवतालचे प्रवाळ राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केले आणि २००१ साली त्याची समुद्रातील हद्द कितीतरी पट वाढवण्यात आली. मासेमारीला येथे मनाई आहे. सहली नेण्याची परवानगी मोजक्याच नौकांना मिळते, आणि प्रवाळाजवळ नांगर टाकता येत नाही, बांधलेल्या बोयालाच होडी अडकवावी लागते. बेटाच्या पश्चिम टोकाला पांढऱ्या वाळूचा सुंदर किनारा आहे. समुद्री कासवे तेथे अंडी घालायला येतात. आम्ही नवशिक्यांनी प्रथम तेथे कमरेएवढ्या पाण्यात श्वासाचा सराव केला. मग होडी पूर्वेच्या टोकाला गेली, कारण या सहलीचे खरे ठिकाण तेच. प्रवाळाच्या बांधाआड, दोन पुरुष खोल पाण्यात, समुद्राच्या तळाशी पाट्या रोवून पाण्याखालची एक पायवाट आखलेली आहे.

आपल्याकडे प्रवाळ म्हटले की अंगठीतले पोवळे डोळ्यांसमोर येते. ते लाल पोवळे निराळ्या जातीचे. येथील प्रवाळ भिंती बांधणारे. प्रवाळ हा दगडही नव्हे, वनस्पतीही नव्हे. तो प्राणी आहे. टाचणीच्या डोक्यापासून बोराएवढ्या आकाराचे हजारो मऊ जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि पायाखाली चुनखडीचा सांगाडा रचत जातात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल मुक्कामाला असते. ते उन्हावर साखर तयार करते आणि भाड्यापोटी बहुतेक साखर मालकाला देते. प्रवाळाचा रंग बराचसा या भाडेकरूचाच असतो. म्हणून त्याला स्वच्छ, उथळ आणि उन्हाचे पाणी लागते. बक बेटाभोवतीचा बांध अशा रीतीने सात हजारांहून अधिक वर्षे रचला गेला आहे.

त्याचा मुख्य गवंडी म्हणजे एल्कहॉर्न नावाचे प्रवाळ. एल्क या थोराड हरणाच्या शिंगांसारख्या त्याच्या रुंद, चपट्या फांद्या असतात. त्या वर्षाला पाच ते दहा सेंटिमीटर वाढतात, आणि प्रवाळाच्या जगात हा वेग घोडदौडीचा म्हणायचा.

मी पालथा पडलो, मान पाण्यात घातली, आणि पहिली दहा मिनिटे आनंदाने वेडाच झालो. शाईसारख्या निळ्या माशांचा थवा माझ्याखालून गेला. जांभळे, जाळीदार समुद्रपंखे लाटेबरोबर डुलत होते. एक हिरवट पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होता, आणि त्याचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता. हा मासा खडकावरचे शेवाळ खातो, त्याबरोबर पोटात गेलेली चुनखडी दळतो आणि मागून बारीक वाळू सोडतो. किनाऱ्यावरची ती देखणी पांढरी वाळू बऱ्याच अंशी कोठून आली हे कळल्यावर ताईने तिच्यावर पथारी पसरायचे सोडले नाही, पण दोनदा झटकली खरी.

चाळीस मिनिटांनी होडीवर चढलो तेव्हा मी तांडेलाला म्हणालो, “असा देखावा जन्मात पाहिला नव्हता.” तो हसला. म्हणाला, “तुम्ही पडका वाडा पाहिलात. मी पोरगा होतो तेव्हा इथं दोन शिंगांच्या मधून पोहायला वाट शोधावी लागायची.”

मला राग आला नाही. पण मी चकित झालो. मी पाहिलेल्यातले नेमके काय पडके होते, हे मला सांगता येईना. तेव्हा दुसऱ्या फेरीला पाण्यात उतरण्यापूर्वी त्याने मला पाहायला शिकवले, आणि माझ्या मते या सहलीचा तोच खरा भाग. जिवंत एल्कहॉर्न पिवळसर तपकिरी असते आणि वाढत्या फांद्यांच्या कडा फिकट पांढऱ्या असतात. मेलेल्या फांदीचा आकार तसाच राहतो, पण तिच्यावर शेवाळाची लव चढते आणि रंग मळकट करडा-हिरवा होतो. सगळेच पांढरे दिसले तर मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. पाणी फार तापले की प्रवाळ आतल्या शैवालाला हाकलून देते आणि त्याच्या पारदर्शक देहातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. ते उपाशी असते, मेलेले नसते. पाणी वेळीच निवले तर सावरते.

दुसऱ्या फेरीत मी मासे पाहिलेच नाहीत. फांद्या मोजत गेलो. वीस करड्या, मग एक पिवळसर. पुन्हा पंधरा करड्या. मघाशी ज्यांना मी सुंदर खडक समजत होतो, त्यांतील बहुतेक सांगाडे होते.

हे घडले कसे, त्याची नोंद आहे. १९७६च्या सुमारास बेटाभोवतीच्या बांधाच्या काही भागांत ८५ टक्के तळ जिवंत एल्कहॉर्नने झाकलेला होता. १९८८पर्यंत तो ५ टक्क्यांवर आला. फांदीच्या बुडापासून टोकाकडे पांढरा पट्टा सरकत जातो आणि मागे नुसता सांगाडा उरतो, अशा एका रोगाने आणि वादळांनी मिळून हे केले. १९८९च्या सप्टेंबरात ‘ह्यूगो’ चक्रीवादळाने उरलेल्याची मोडतोड केली. मधल्या काळात, १९८३-८४ साली, शेवाळ चरणारे लांब काट्यांचे काळे समुद्री साळिंदर एका साथीत कॅरिबियनभर मेले, शंभरातले नव्वदांहून अधिक. गुरे मेल्यावर कुरणाचे रान व्हावे तसे झाले. मोकळ्या खडकावर नवे प्रवाळ धरण्याआधी शेवाळ धरू लागले. ते साळिंदर कोठे सावरत होते तो २०२२ साली दुसरी साथ आली. २००५ आणि २०२३ साली पाणी अतोनात तापले. शिवाय फ्लॉरिडात २०१४ साली दिसलेला एक नवा रोग २०२० साली सेंट क्रॉयला पोचला. तो एल्कहॉर्नला सोडतो, पण मेंदूच्या आकाराच्या गोल प्रवाळांचा फडशा पाडतो.

यात सहलीला येणाऱ्यांचा दोष किती? थोडा आहे. प्रवाळावर उभे राहिले की त्याची कातडी सोलली जाते. पंख्यांनी उडवलेली वाळू त्याच्यावर बसते. म्हणूनच होडीवर पहिली सूचना मिळते ती ‘दमलात तर उताणे व्हा, पण उभे राहू नका’ ही. अंगाला लावायच्या काही मलमांतील रसायने प्रवाळाला बाधतात म्हणून या बेटांवर २०२० पासून त्यांना बंदी आहे. नियम चांगलाच आहे. मीही मलमाऐवजी लांब बाह्यांचा सदरा घालून उतरलो. पण तापलेल्या समुद्रापुढे ही फार लहान गोष्ट आहे, आणि प्रवाशाला केवळ मलमाची बाटली बदलायला लावून निश्चिंत करणे मला बरोबर वाटत नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ हल्ली आपली मंडळीही मास्क लावून उतरतात. तेथेही प्रवाळ आहे आणि १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. उतरणाऱ्याने निदान जिवंत कोणते आणि मेलेले कोणते एवढे विचारून घ्यावे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला जे दिसते तेच त्याला पूर्ण वाटते, कारण तुलनेसाठी त्याच्याजवळ दुसरे चित्रच नसते. तांडेलाजवळ ते होते. त्याचा मुलगा याच होडीवर दोर ओढत होता. त्याच्याजवळ ते नव्हते.

एल्कहॉर्नचा एक गुण अजून सांगायचा राहिला. वादळात मोडलेली त्याची फांदी योग्य जागी पडली तर तेथेच चिकटून नवे झाड धरते, जशी शेवग्याची फांदी रोवली की लागते. या गुणाच्या जोरावर सेंट क्रॉयवर प्रवाळाच्या रोपवाटिका चालवल्या जातात आणि तुकडे वाढवून पुन्हा समुद्रात लावले जातात. काही जगतात. २०२३च्या उन्हाळ्यासारख्या उन्हाळ्यात पुष्कळसे मरतातही.

परतताना वारा पाठीशी होता. तांडेलाने शीड सोडले, सुकाणू मुलाच्या हाती दिले आणि मागे बोट दाखवले. बेटाच्या पूर्वेला समुद्रात लाटा फुटून एक पांढरी रेघ उमटलेली होती. “ती रेघ म्हणजे बांध. प्रवाळ मेलं तरी सांगाडा लाट अडवतो, म्हणून तो किनारा अजून जागेवर आहे.” मी विचारले, “किती दिवस?” सांगाड्याला किडे आणि स्पंज आतून पोखरतात, वरून नवा थर चढला नाही तर तो हळूहळू बसका होतो, असे त्याने सांगितले. मग त्याने मुलाला हाक मारली आणि उथळ जागा चुकवायला होडी थोडी डावीकडे घ्यायला सांगितले.