डुलकी, कर्ज आणि एक धून

अमेरिकेच्या राज्यघटनेने उपराष्ट्राध्यक्षाला नेमून दिलेले रोजचे काम एकच: सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसणे. तिथेही त्याला मत नसते. दोन्ही बाजूंची मते समसमान झाली, तरच त्याच्या मताने पारडे झुकायचे. १९२५ ते १९२९ या खुर्चीवर जे गृहस्थ बसले, ते चार्ल्स डॉज मात्र स्वस्थ बसणाऱ्यांपैकी नव्हते.

जन्म १८६५चा, ओहायो राज्यातल्या मॅरिएटा गावचा. नेब्रास्कात वकिली केली, शिकागोत बँक काढली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या अमेरिकी फौजेसाठी सामान मिळवण्याची व्यवस्था त्यांनी सांभाळली. मग आले ते काम, ज्याने त्यांचे नाव युरोपभर झाले.

युद्ध हरलेल्या जर्मनीवर अवाढव्य खंडणी बसली होती. हप्ते थकले, तेव्हा जानेवारी १९२३ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या सैन्याने जर्मनीचा रूर हा कोळसा-पोलादाचा प्रांत ताब्यात घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मोजावे लागत होते! यातून वाट काढायला नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष डॉज झाले. १९२४च्या त्यांच्या योजनेतली गंमत अशी, की एकूण खंडणी किती या भांडणाच्या प्रश्नाला तिने हातच लावला नाही. झेपेल असा हप्ता तेवढा ठरवला: पहिल्या वर्षी सोन्याशी बांधलेले १०० कोटी मार्क, पाचव्या वर्षापर्यंत २५० कोटी. सुरुवातीला हात मोकळा व्हावा म्हणून ८० कोटींचे परदेशी कर्ज. मग पैशांचे रहाटगाडगे फिरू लागले. अमेरिकी कर्जाचे पैसे जर्मनीत, तिथून खंडणी म्हणून फ्रान्स-ब्रिटनकडे, आणि त्यांच्याकडून युद्धकर्जाची फेड म्हणून पुन्हा अमेरिकेत! फ्रेंच फौजा माघारी गेल्या आणि डॉज यांना १९२५चे शांततेचे नोबेल विभागून मिळाले.

तोवर ते उपराष्ट्राध्यक्ष झाले होते. ४ मार्च १९२५ला शपथ घेतली आणि पहिल्याच भाषणात सिनेटरांना खडसावले: तुमच्या नियमांमुळे कोणीही वाटेल तितका वेळ बोलून काम अडवतो, हे बदला. सिनेटर भडकले. सहाच दिवसांनी, १० मार्चला, राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी ॲटर्नी जनरलपदासाठी सुचवलेल्या चार्ल्स वॉरन यांच्या नावावर चर्चा चालू होती. अजून बरेच वक्ते बाकी आहेत, आज मतदान व्हायचे नाही, असे कळल्यावर डॉज विलर्ड हॉटेलातल्या आपल्या खोलीवर डुलकी काढायला गेले. आणि नेमके त्या दिवशी सिनेटर बोललेच नाहीत! बहुतेकांनी भाषणे सोडून दिली, मतदान झाले, ४० विरुद्ध ४०. डॉजना उठवले, ते टॅक्सीने धावत आले. तोवर वॉरन यांच्या बाजूच्या एका सिनेटरने मत फिरवले होते. १८६८ नंतर प्रथमच सिनेटने मंत्रिपदासाठी सुचवलेले नाव फेटाळले. लांबलेल्या भाषणांवर तोंडसुख घेणाऱ्या माणसाचा घात न झालेल्या भाषणांनी केला.

त्यांची योजनाही फार टिकली नाही. १९२९च्या मंदीने कर्जाचा ओघ आटला आणि १९३२ मध्ये लोझानच्या परिषदेत खंडणीचा विषयच जवळजवळ निकालात निघाला.

टिकले ते भलतेच. पियानो डॉज फावल्या वेळात वाजवत. महायुद्धापूर्वी त्यांनी व्हायोलिन आणि पियानोसाठी एक छोटी धून रचली होती. फ्रिट्झ क्राइसलरसारखा थोर व्हायोलिनवादक ती मैफलीत वाजवू लागला. १९५१ मध्ये डॉज वारले. त्याच वर्षी कार्ल सिगमन यांनी त्या धुनेवर शब्द बसवले आणि 'इट्स ऑल इन द गेम' हे प्रेमगीत झाले. १९५८ मध्ये टॉमी एडवर्ड्स यांच्या आवाजात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुढे क्लिफ रिचर्ड यांनी गायले, फोर टॉप्सनीही गायले. नोबेल मिळवलेले उपराष्ट्राध्यक्ष अमेरिकेत आणखीही आहेत; पहिल्या क्रमांकाच्या गाण्याची चाल ज्यांची, असे मात्र आजवर हे एकटेच.