‘आयुष्यभराचे तेल’ : एक चिकित्सा

शाळेच्या स्मरणिकेत मोटारगाडीच्या तेलावरील लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु निवासी शाळेची गाडी ही चैनीची वस्तू नसते. मध्यरात्री एखाद्या मुलाचा ताप उतरेनासा झाला किंवा पायवाटेवर कुणाला सर्पदंश झाला, तर रुग्णालयापर्यंतचे अंतर तीच गाडी कापते. वसतिगृहाला एका माजी विद्यार्थ्याने आपली वापरलेली, स्वयंचलित गिअरची गाडी दान दिली. ती सत्तर हजार किलोमीटरांहून अधिक चाललेली होती. तिच्या गिअरबॉक्समधील तेल बदलावे की नाही, असा प्रश्न उभा राहिला. विक्रीकेंद्रातील एक तंत्रज्ञ म्हणाले, “ते आयुष्यभराचे तेल आहे, बदलायचे नसते.” एक जुनेजाणते मेकॅनिक म्हणाले, “इतक्या उशिरा बदलाल तर गिअरबॉक्स बसेल.” दोघांची कारणे निरनिराळी, सल्ला मात्र एकच : हात लावू नका.

निरनिराळ्या आचार्यांची मते ऐकून गोंधळलेल्या कालामांना तथागतांनी जो मार्ग दाखविला, तो अशा वेळीही उपयोगी पडतो. परंपरेने सांगितले म्हणून किंवा अधिकारी व्यक्ती बोलली म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये. तिची कारणे तपासावीत. तेव्हा आधी हे तेल करते काय, ते पाहू.

नेहमीच्या गाडीत चालक पायाने क्लच दाबून हाताने गिअर बदलतो. तेथे तेलाचे काम मुख्यत्वे दातांचे घर्षण कमी करण्याचे. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मात्र तेल एकाच वेळी चार कामे करते. पहिले, इंजिनाची शक्ती पुढे नेणे. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असते. दुसरे, दाब निर्माण करून आतील क्लच प्लेटा आवळणे व सोडणे. तिसरे, आतली उष्णता बाहेर वाहून नेणे. चौथे, वंगण. त्यातही मेख अशी की, प्लेटा झिजू नयेत इतके ते निसरडे हवे आणि प्लेटा घसरू नयेत इतके पकड देणारेही हवे. हा तोल तेलात मिसळलेली रसायने राखतात.

या तोलाचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्सने १९३९ मध्ये ‘हायड्रा-मॅटिक’ हा मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला. त्या पिढीतील तेलांत घर्षणाचा तोल राखण्यासाठी स्पर्म व्हेलचे तेल मिसळले जाई. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथे त्यावर कायद्याने बंदी आली आणि उद्योगाला कृत्रिम पर्याय शोधावे लागले. प्राणिहत्येवाचून चालत नाही असे वाटणारे काम त्याहून चांगल्या रीतीने चालू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

आता हे तेल खराब का होते? जे काही संयोगाने बनलेले आहे ते बदलणारच; तेलही त्याला अपवाद नाही. उष्णतेने त्याचे ऑक्सिडीकरण होते. दाट-पातळपणा टिकविणाऱ्या लांब साखळीच्या रेणूंचे गिअरच्या दातांत सापडून तुकडे होतात. प्लेटांच्या अस्तराची बारीक पूड त्यात मिसळत जाते. साधारणपणे ८० ते ९५ अंश सेल्सिअसला हे तेल दीर्घकाळ टिकते. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांनी तापमान वाढले की तेलाचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम सांगितला जातो.

खानदेशाच्या दृष्टीने हा नियम महत्त्वाचा आहे. जळगाव-भुसावळचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. चाळीसगावहून कन्नडकडे चढणारा औट्रम घाट, साक्रीहून नवापूरकडे जाताना लागणारा कोंडाईबारी घाट, हंगामात कापसाच्या आणि केळीच्या वाहनांमागे रखडत केलेला प्रवास, हे सारे गिअरबॉक्स तापविणारे. गाडीच्या पुस्तिकेत ‘कठीण वापर’ म्हणून जे वेगळे कोष्टक असते, त्यात उष्ण हवामान, धूळ, चढण, जादा भार आणि सतत थांबत-चालत केलेला प्रवास यांचा समावेश असतो. आपण स्वतःला ‘सामान्य वापर’ या रकान्यात धरतो, ही आपली पहिली चूक.

‘आयुष्यभराचे’ या शब्दाचा अर्थही तपासला पाहिजे. कोणाचे आयुष्य? हमीच्या मुदतीचे, पहिल्या मालकाच्या मालकीचे की गाडीचे? दुरुस्तीचा अपेक्षित खर्च कमी दिसणे हे गाडी विकणाऱ्याच्या सोयीचे असते. जर्मनीची झेडएफ ही कंपनी अनेक नामांकित गाड्यांसाठी स्वयंचलित गिअरबॉक्स बनविते. गाड्यांचे काही उत्पादक ज्या तेलाला आयुष्यभराचे म्हणतात, तेच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरांच्या दरम्यान किंवा सुमारे आठ वर्षांनी बदलावे, असे ही कंपनी सांगते. गिअरबॉक्स घडविणाराच असे म्हणत असेल, तर विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याचे कारण उरत नाही.

मेकॅनिकच्या भीतीत मात्र निरीक्षणाचा अंश आहे. तेल बदलल्यावर काही गाड्या खरोखर बिघडतात. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला शिकविलेला पहिला धडा असा की, एका घटनेनंतर दुसरी घडली म्हणून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही. बहुतेक लोक तेल बदलतात केव्हा? गिअर घसरू लागल्यावर, धक्के बसू लागल्यावर. तोवर प्लेटा झिजलेल्या असतात; नवे तेल झिजलेले अस्तर परत आणू शकत नाही. दोष दुर्लक्षाचा, आळ नव्या तेलावर. तथापि फार काळ न बदललेल्या गिअरबॉक्सला यंत्राने जोराचा दाब देऊन धुणे टाळावे. साचलेला गाळ सुटून बारीक वाटांत अडकण्याचा धोका असतो.

मग बदलावे केव्हा? प्रथम आपली गाडी कोणत्या जातीची ते ओळखावे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत कठीण वापर असल्यास ५० ते ६० हजार किलोमीटर, अन्यथा ८० हजार ते एक लाख हा विवेकी टप्पा होय. पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटी गाडीत तो बहुधा अलीकडे, ४० ते ६० हजारांवर येतो. आपल्याकडे २०१४ पासून स्वस्त गाड्यांत रुळलेली एएमटी पद्धत म्हणजे साधाच गिअरबॉक्स. त्यातील क्लच व गिअर यंत्रणाच हलविते. तिला वरील तेल लागत नाही, साधे गिअर ऑइल लागते. पुस्तिकेत याहून कमी अंतर दिले असेल तर तेच प्रमाण मानावे. एका जातीचे तेल दुसऱ्या जातीत घालणे हे न बदलण्यापेक्षाही वाईट. डब्यावरील क्रमांक पुस्तिकेतील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा.

परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या कागदावर तेलाचा थेंब टाकावा. नवे तेल बहुधा लालसर असते; ते काळवंडले एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, पण जळका वास आला तर विलंब नको. दुधाळ गुलाबी दिसल्यास पाणी किंवा कूलंट शिरले आहे असे समजून गाडी चालविणे थांबवावे. तेल काढल्यावर चेंबरमधील चुंबकावर राखाडी लेप दिसणे स्वाभाविक आहे. धातूचे कण बोटांना टोचले, तर तो झिजेचा नव्हे, मोडतोडीचा पुरावा. एकदा काढल्याने सगळे तेल निघत नाही. बरेचसे कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून जुन्या गाडीत थोड्या अंतराने दोनदा बदलणे उत्तम. पातळी सपाट जागी, पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानालाच मोजावी. हा खर्च काही हजारांचा असतो. गिअरबॉक्स उघडावा लागला तर तो अनेकपटींनी वाढून कित्येकदा लाखावर जातो. काढलेले तेल नाल्यात ओतू नये, ते अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्यांनी पांझरा-गिरणेचे पाणी नासवावे, हे शोभणारे नाही.

वाहनाचे ज्ञान हा आपल्यासाठी केवळ सोयीचा विषय नाही. १९२९ मध्ये बाबासाहेब धुळ्याकडील एका बहिष्कार प्रकरणाची चौकशी करून चाळीसगावला परतले. अस्पृश्याचा टांगा हाकण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. टांगा भाड्याने देऊ, हाकणार नाही, असे ते म्हणाले. तेव्हा आपल्याच एका बांधवाने लगाम हाती घेतला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरील मोरीवर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. त्या बांधवाच्या निष्ठेत उणीव नव्हती. जातिव्यवस्थेने त्याला ती विद्या शिकण्याची संधीच दिली नव्हती. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. निष्ठेला ज्ञानाची जोड नसेल तर ज्याच्यासाठी आपण लगाम हाती घेतो, त्यालाच इजा होते.

शाळेच्या गाडीचे तेल आम्ही तपासले. रंग गडद होता, जळका वास नव्हता, गिअर घसरत नव्हता, चुंबकावर केवळ लेप होता. म्हणून फिल्टरसह तेल बदलले आणि काही हजार किलोमीटरांनी पुन्हा एकदा. दोन्ही वेळी दहावीचे विद्यार्थी शेजारी उभे होते. कागदावरचा थेंब त्यांनीच पाहिला, वास घेतला आणि मत दिले. तारीख, किलोमीटर व तेलाचा क्रमांक गाडीच्या नोंदवहीत त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. पुढील मुदत त्याच पानावर तांबड्या शाईने लिहिली आहे. वाचकांनीही आपापल्या गाडीसाठी असे एक पान आजच उघडावे.

जय भीम.