पहिली चाचणी संशयापुरती

न्यायवैद्यक प्रयोगशाळेत : लेखांक 6

सीलबंद नमुना प्रयोगशाळेपर्यंत कसा पोचतो, ते गेल्या आठवड्यात पाहिले. आता सील फोडल्यानंतरचे काम पाहू. रक्त, लघवी किंवा केसांतला अमली पदार्थ दोन टप्प्यांत शोधतात. त्यातला दुसरा टप्पा गाळला की काय अनर्थ होतो, हे कॅनडातल्या टोरोंटोच्या एका प्रयोगशाळेमुळे अनेक कुटुंबांनी भोगले आहे.

पहिला टप्पा प्राथमिक चाचणीचा. ती बहुधा 'इम्युनोअ‍ॅसे' पद्धतीची असते. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या ताटलीत 96 खळगे असतात आणि प्रत्येकाच्या तळाशी अँटिबॉडी चिकटवलेली असते. त्यात नमुना घालतात आणि सोबत एन्झाइम जोडलेला तोच अमली पदार्थ. अँटिबॉडीवर जागा मिळवण्यासाठी दोघांत चढाओढ लागते. मग खळगे धुऊन रंग आणणारे रसायन घालतात. नमुन्यात पदार्थ जितका जास्त, तितका रंग फिका. काम झटपट होते, खर्च कमी येतो आणि एका दमात कितीतरी नमुने हातावेगळे होतात.

अडचण अशी की अँटिबॉडीला रेणूचा फक्त आकार कळतो. पाठमोरा माणूस पाहून ओळखीचा समजून हाक मारावी आणि त्याने वळल्यावर भलताच निघावा, तसे इथे होते. सर्दीच्या गोळीतले स्यूडोएफेड्रिन किंवा अ‍ॅसिडिटीवर घेतले जाणारे रॅनिटिडिन काही चाचण्यांना अ‍ॅम्फेटामाइनसारखे वाटू शकते. म्हणून या टप्प्यावरचा 'पॉझिटिव्ह' हा शब्द 'पुढे तपासा' एवढेच सांगतो.

दुसरा टप्पा निश्चितीचा, आणि तो वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या उपकरणावरच व्हावा लागतो. अनेक वर्षे हा मान गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीचा आहे. नमुन्यातून काढलेला अर्क सुमारे 30 मीटर लांब, केसासारख्या बारीक नळीतून जातो. प्रत्येक पदार्थ आपापल्या ठरावीक वेळी बाहेर पडतो. तिथे इलेक्ट्रॉनांचा मारा होऊन रेणूचे तुकडे होतात आणि यंत्र त्यांची वजने नोंदवते. कोकेनचा अख्खा रेणू 303 वर दिसतो, त्याचे ठळक तुकडे 182 आणि 82 वर. शिवाय विश्लेषक सुरुवातीलाच नमुन्यात थोडे 'जड' कोकेन मोजून मिसळतो. त्यातल्या तीन हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असल्याने ते 306 वर दिसते. अर्क काढताना मूळ पदार्थ किती वाया गेला, याचा हिशेब त्यावरून लागतो. वेळ, तुकडे आणि त्यांचे परस्पर प्रमाण हे सगळे जुळले, तरच नाव लिहायचे.

नाव पक्के झाले तरी अर्थ लावायचा उरतोच. अनारसे ज्या खसखशीवर थापतो, तिच्यावर खरेखुरे मॉर्फिन असू शकते. ती खाल्ल्यावर लघवीत मॉर्फिन सापडले, तर यंत्र खोटे बोलत नसते. म्हणूनच अमेरिकेने 1998 मध्ये सरकारी नोकरीतल्या चाचण्यांत 'पॉझिटिव्ह' ठरवण्यासाठीची मॉर्फिनची मर्यादा मिलिलिटरला 300 वरून 2000 नॅनोग्रॅमवर नेली. सोबत हेरॉइनपासूनच बनणाऱ्या 6-असिटिलमॉर्फिनचा शोध घेण्यावर भर दिला.

आता टोरोंटो. तिथल्या 'हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रन'मध्ये 'मदरिस्क' नावाची प्रयोगशाळा होती. आईवडील नशा करतात का, हे त्यांच्या केसांवरून सांगण्यासाठी बालसंरक्षण संस्था तिच्याकडे नमुने पाठवत. 2005 ते 2015 या काळात सोळा हजारांहून अधिक माणसांचे केस तिथे तपासले गेले. मुले आईवडिलांजवळ राहणार की नाही, या निर्णयात या अहवालांना वजन होते.

2009 मध्ये एका आईला, लहान मुलाला कोकेन दिल्याबद्दल, दोषी ठरवण्यात आले. पुराव्याचा मोठा भाग मदरिस्कची केसचाचणी होता. अपिलात अल्बर्टातल्या एका विषविज्ञान तज्ज्ञाने या चाचणीच्या पद्धतीवरच बोट ठेवले आणि ऑक्टोबर 2014 मध्ये कोकेनसंबंधीची शिक्षा रद्द झाली. ओंटारियो सरकारने निवृत्त न्यायाधीश सुझन लँग यांच्याकडे चौकशी सोपवली. डिसेंबर 2015 च्या त्यांच्या अहवालाने स्पष्ट सांगितले की या चाचण्या बालसंरक्षण आणि फौजदारी खटल्यांसाठी अपुऱ्या व अविश्वसनीय होत्या. 2010 पर्यंत प्राथमिक चाचणीचेच आकडे अंतिम निकाल म्हणून दिले जात होते. केस नियमितपणे धुतलेही जात नव्हते, त्यामुळे धुरातून वा हाताळण्यातून बाहेरून चिकटलेला पदार्थ आणि शरीरातून आलेला पदार्थ यांत फरक करणे अवघड होते. न्यायवैद्यक कामाचे प्रशिक्षण तिथे कोणाकडेच नव्हते.

प्रयोगशाळा 2015 मध्येच बंद झाली होती. पुढे ज्युडिथ बीमन यांच्या आयोगाने बाराशेहून अधिक प्रकरणे तपासली. त्यांपैकी 56 प्रकरणांत सदोष चाचणीने निकालावर मोठा परिणाम केल्याचे 2018 मध्ये जाहीर झाले. पण तोवर कित्येक मुले दत्तक गेली होती, आणि कायद्याने झालेले दत्तकविधान उलटवणे जवळपास अशक्य असते. चूक सापडली, तिची कबुली मिळाली आणि तरीही मूल परत मिळाले नाही, अशी ही हानी आहे.

आपल्याकडे पोलीस ज्याला 'सी.ए. रिपोर्ट' म्हणतात, तो सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल त्याची साक्ष न घेताही पुरावा म्हणून वापरता येतो. न्यायालय विश्लेषकाला बोलावू शकते, पण त्यासाठी अहवाल वाचून कोणाला तरी प्रश्न पडायला हवा. म्हणून प्रत्येक वकिलाने तीन गोष्टी विचारल्याच पाहिजेत. निश्चिती कोणत्या पद्धतीने केली? मर्यादा किती धरली? पदार्थ नसलेला कोरा नमुना आणि ज्ञात प्रमाणाचा नमुना सोबत चालवला होता का? ही उत्तरे प्रयोगशाळेने अहवालातच लिहावीत. माणसाचे स्वातंत्र्य किंवा त्याचे मूल ज्या कागदावर अवलंबून असते, त्यावर नुसता 'पॉझिटिव्ह' हा शब्द पुरत नाही.

(पुढील आठवड्यात : मृत्यूनंतर रक्तातले औषधाचे प्रमाण का बदलते?)